अर्धी भूल आणि जागे मन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांचा तक्ता असतो आणि त्या तक्त्यात ‘भुलेचा प्रकार’ असा एक अरुंद रकाना असतो. देणगीदार व विश्वस्त यांची दृष्टी साहजिकच संख्येकडे जाते. या रकान्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यात ‘स्पायनल’ हा शब्द वारंवार आढळतो. खुब्याचे मोडलेले हाड बसवणे, गुडघ्याचा सांधा बदलणे, हर्निया, प्रोस्टेट, सिझेरियन अशा कमरेखालच्या कितीतरी शस्त्रक्रिया रुग्णाला पूर्ण बेशुद्ध न करता, पाठीत एक इंजेक्शन देऊन पार पडतात. आपल्या घरांतून हिला ‘अर्धी भूल’ म्हणण्याची रीत आहे. शब्द चपखल आहे. शरीराचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा राहतो. परंतु त्या जाग्या अर्ध्यात रुग्णाचे मन असते, आणि त्या मनाचे शस्त्रक्रियेच्या दोन तासांत व पुढील महिन्यांत काय होते, याची नोंद तक्त्यात करता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभी एका रुग्णाची हकिकत सांगतो. हे गृहस्थ माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी अन्यत्र झाली होती व ती शल्यचिकित्सेच्या दृष्टीने उत्तम झाली होती. जखम वेळेवर भरली, पाय सरळ झाला, चालणे सुधारले. डावा गुडघा मात्र त्यानंतर दोन वर्षे दुखत राहिला आणि सर शस्त्रक्रियेला तयार होईनात. घरच्यांना वाटले, खर्चाचा विचार करीत असतील. आमच्याकडे तपासणीस आले तेव्हा त्यांच्या पत्नीच बोलल्या, “हे तेव्हापासून रात्री दचकून उठतात. शेजारी सुताराचे काम निघाले की घर सोडून देवळात जाऊन बसतात.” सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “डॉक्टर, दुखले नाही हो. तेवढे खरे सांगतो, अजिबात दुखले नाही. पण तो हातोडा माझ्याच हाडावर चालला होता, आणि मला सांगितले होते की तुम्ही झोपलेले असाल.”

या दोन वाक्यांत या विषयाचा बहुतेक अर्थ आला आहे. तो उलगडण्यासाठी अर्धी भूल म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहावे लागेल.

पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या खाली केवळ मज्जातंतूंचा झुपका असतो व तो एका स्वच्छ द्रवात तरंगत असतो. भूलतज्ज्ञ या सुरक्षित भागातील दोन मणक्यांच्या फटीतून अतिशय बारीक सुई घालून त्या द्रवात औषधाचे थोडेसे थेंब सोडतो. हल्ली आपल्याकडे बहुधा बुपिव्हॅकेन हे औषध वापरतात. तीन मिलिलिटरच्या आसपास त्याची मात्रा पुरते. काही मिनिटांत पाय उबदार व जड वाटू लागतात, नंतर वेदना थांबते, नंतर हालचाल थांबते. दोन ते तीन तासांनी सर्व काही उलट क्रमाने परत येते. (या इंजेक्शनाने कंबर जन्माची दुखते, हा समज घराघरांत पक्का आहे. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीचा दोष तर नेहमीच सुईला मिळतो. सुई टोचल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. दीर्घकाळच्या कंबरदुखीची कारणे मात्र बहुधा गर्भारपण, मुलाला उचलणे, बसण्याची ढब आणि स्नायूंचा अशक्तपणा यांत सापडतात.)

येथे एक बारकावा आहे आणि तो रुग्णाला सांगितला जात नाही, याची आम्हा भूलतज्ज्ञांना खंत वाटली पाहिजे. वेदना नाहीशी होते. परंतु स्पर्श, दाब, ओढ व कंप यांची अंधुक जाणीव पुष्कळांना शिल्लक राहते. हाडावर ठोका पडला की त्याचा हादरा बधिर पायातून जाग्या धडापर्यंत पोहोचतो. सिझेरियनमध्ये पोटात कोणीतरी चाचपडत असल्यासारखे वाटते. काहींना आपले पाय हवेत उचललेले आहेत असा भास होतो, वस्तुतः ते टेबलावर सरळ ठेवलेले असतात. इंजेक्शनाच्या वेळी पाय ज्या स्थितीत होते तीच स्थिती मेंदू धरून बसतो. अंगाला थरथर सुटते, कारण खोली थंड असते आणि भुलेमुळे शरीर आपली ऊब राखू शकत नाही. यांतील एकही गोष्ट धोक्याची नाही. मात्र अगोदर न सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी रुग्णाला ‘भूल उतरली’ याची खूण वाटते, आणि उताणे पडलेल्या, पाय हलवू न शकणाऱ्या माणसाला ती भीती कोठेही नेऊन ठेवता येत नाही.

हा हातोडा या शास्त्राच्या जन्माच्या वेळेपासून सोबत आहे, हे वाचकांना गमतीचे वाटेल. जर्मनीतील कील येथील शल्यचिकित्सक ऑगस्ट बियर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी क्षयाने सडलेल्या घोट्याची शस्त्रक्रिया एका ३४ वर्षांच्या मजुरावर पाठीत कोकेन देऊन केली. त्यानंतर आठवडाभराने त्यांनी व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी तो प्रयोग स्वतःवर करण्याचे ठरवले. बियर यांच्यावरील प्रयत्न साधनांच्या गडबडीमुळे फसला. मग हिल्डेब्रांट टेबलावर पडले. त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारण्यात आला, पायाला पेटती सिगार लावण्यात आली. वेदना झाली नाही. भूल उतरल्यावर त्यांची नडगी ठणकू लागली, दोघांनाही डोकेदुखीने गाठले, आणि बियर तर कित्येक दिवस अंथरुणात होते. तथापि या प्रसंगातील हिल्डेब्रांट स्वेच्छेने पडलेले होते, काय होणार आहे ते जाणत होते, आणि हातोडा मारणारा माणूस त्यांच्याशी बोलत होता. आमच्या सरांना या तिन्हींपैकी एकही सोय नव्हती.

भुलेचा शरीरावरील लाभ मोठा आहे. शस्त्रक्रियेची जखम झाली की मज्जातंतूंतून मेंदूकडे संदेश धावतात आणि शरीर ताणाची रसायने रक्तात सोडते. कॉर्टिसोल वाढते, साखर वाढते, नाडी व रक्तदाब चढतात. कमरेखालच्या शस्त्रक्रियेत पाठीतील भूल ही वाटच अडवते, म्हणून भूल असेपर्यंत हा शारीरिक क्षोभ बराच कमी राहतो. परंतु कानांची वाट मोकळी असते, डोळ्यांची वाट मोकळी असते. करवतीचा आवाज, यंत्राची टिकटिक, ‘रक्त थांबत नाही, जरा सक्शन द्या’ हे सहज उच्चारलेले वाक्य, हिरव्या पडद्यापलीकडून येणारे हसणे, हे सारे त्या मोकळ्या वाटांनी आत येते. त्यासाठीच अर्ध्या भुलेच्या जोडीला गुंगीचे औषध देण्याची पद्धत आहे.

गुंगी ही एका जिन्यासारखी आहे. पहिल्या पायरीवर रुग्ण निवांत असतो व बोलतो. त्याखालच्या पायरीवर डुलकी लागलेली असते, नावाने हाक मारली की डोळे उघडतो. आणखी खाली हलवल्याशिवाय जाग येत नाही, आणि तळाशी पूर्ण भूल असते. या पायऱ्यांच्या मध्ये कठडा नाही. मात्रा थोडी वाढली, वय अधिक निघाले, की रुग्ण न ठरवता खालच्या पायरीवर उतरतो. श्वास मंदावतो, जीभ मागे पडते, रक्तातील प्राणवायू घटतो. म्हणून गुंगी दिली त्या क्षणापासून बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, छातीवर हृदयालेखाच्या तारा, नाकाशी प्राणवायू आणि उशाशी भूलतज्ज्ञ, एवढे सारे हवेच. ‘थोडी झोप द्या ना’ अशी विनंती नातेवाईक करतात तेव्हा ती थोडी झोप किती माणसांच्या व यंत्रांच्या पहाऱ्यात चालते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मिडाझोलाम हे सर्वांत परिचित. भीती कमी करते आणि दिल्यानंतरच्या काही काळाच्या आठवणी मनात उमटूच देत नाही. या विस्मरणाचे वैद्यकात मोठे कौतुक आहे व ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण एका मात्रेचा प्रभाव लवकर ओसरतो. सांधा बदलण्यास दीड-दोन तास लागतात. सुरुवातीला दिलेली मात्रा अर्ध्या वाटेत संपली तर रुग्ण नेमका करवतीच्या वेळी जागा होतो. शिवाय आदल्या रात्रीची भीती, शस्त्रक्रियागृहात नेतानाचा दिव्यांचा झोत, सुईसाठी पाठ वाकवून बसण्याचे ते क्षण हे औषधापूर्वीचे असल्याने तसेच राहतात. वृद्धांमध्ये या औषधाचा उलटाच परिणाम होऊन रुग्ण अस्वस्थ, हट्टी, गोंधळलेला झालेला आम्ही पाहिला आहे.

प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. पंपातून थेंबाथेंबाने देता येते, बंद केले की रुग्ण थोड्याच मिनिटांत ताजातवाना उठतो. काही जण सुखद स्वप्न पडल्याचे सांगतात. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर घसरवण्याची त्याची शक्तीही तितकीच मोठी. डेक्समेडेटोमिडीन हे त्यामानाने नवे. अमेरिकेत १९९९ मध्ये अतिदक्षता विभागासाठी आणि २००८ मध्ये अशा शस्त्रक्रियांच्या गुंगीसाठी त्यास मान्यता मिळाली. त्याची गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळ जाते, हाक मारली की रुग्ण उठून नीट उत्तर देतो, श्वासावर दाब कमी पडतो. किंमत त्याची वेगळ्या रीतीने मोजावी लागते: नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, परिणाम सुरू व्हायला आणि उतरायलाही वेळ लागतो. केटामाइन वेदनेवर उत्तम, पण एकटे दिले तर विचित्र भास घडवते. मनाच्या शांततेसाठी त्याची निवड जपून करावी लागते.

यांपैकी चांगले कोणते, असे विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी आम्हास विचारले होते. औषधखरेदीच्या दृष्टीने तो प्रश्न रास्त होता. त्याचे सरळ उत्तर नाही, परंतु वृद्धांच्या बाबतीत बरेच संशोधन झाले आहे आणि ते सांगण्यासारखे आहे.

वृद्ध रुग्ण शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळतो. मुलाला ओळखत नाही, नळ्या उपसतो, रात्रभर बडबडतो, किंवा उलट अगदी निपचित पडून राहतो. या भ्रमावस्थेस वैद्यकात डिलिरियम म्हणतात. घरच्यांना वाटते, भूल चढली किंवा वेड लागले. पुष्कळदा ती काही दिवसांत निवळते; पण ज्यांना ती होते त्यांचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो व प्रकृती सावरण्यास अडचण येते. पूर्वी असे मानले जाई की पूर्ण भूल टाळून अर्धी दिली की हे संकट टळते. अमेरिका व कॅनडातील १,६०० रुग्णांचा खुब्याच्या अस्थिभंगावरील एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाठीतील भूल दिलेल्यांत २०.५ टक्के आणि पूर्ण भूल दिलेल्यांत १९.७ टक्के रुग्णांना भ्रमावस्था आली, म्हणजे फरक नाहीच. टीकाकार म्हणाले, अर्ध्या भुलेसोबत गुंगी दिली असणार, तिने घात केला. पुढच्याच वर्षी चीनमधील ९५० रुग्णांचा अभ्यास आला. तेथे अर्ध्या भुलेसोबत गुंगी मुळीच दिली नव्हती. तरीही आकडे ६.२ आणि ५.१ टक्के असे जवळजवळच राहिले. भुलेच्या प्रकारावरून घरात वाद घालणाऱ्या मुलांनी व जावयांनी हे दोन अभ्यास ध्यानात ठेवावेत.

गुंगीच्या खोलीविषयी चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील सीबर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये खुब्याच्या ११४ वृद्ध रुग्णांत प्रोपोफॉलची गाढ व हलकी गुंगी यांची तुलना केली. गाढ गुंगीच्या गटात ४० टक्के आणि हलक्या गुंगीच्या गटात १९ टक्के रुग्णांना भ्रम झाला. जगभर हा निष्कर्ष उचलला गेला. त्याच गटाने २०१८ मध्ये २०० रुग्णांवर पुन्हा तपासणी केली तेव्हा एकूण फरक दिसेनासा झाला. ज्यांना अन्य आजार नव्हते त्यांच्यातच गाढ गुंगी अपायकारक ठरली. औषधांच्या तुलनेत दक्षिण कोरियातून २०२३ मध्ये आलेला एक अभ्यास बोलका आहे: पायाच्या शस्त्रक्रियेसाठी पाठीतील भूल घेतलेल्या सातशेहून अधिक निरोगी वृद्धांत डेक्समेडेटोमिडीनच्या गटात ३ टक्के आणि प्रोपोफॉलच्या गटात ६.६ टक्के जणांना भ्रमावस्था आली. रक्तदाब व नाडी मात्र डेक्समेडेटोमिडीनने अधिक उतरली. एखाद्याचे हृदय मुळातच मंद चालत असेल, तर हा हिशेब उलटा होतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की सत्तरीपुढील रुग्णात मिडाझोलाम शक्यतो टाळावे, गुंगी हलकी ठेवावी आणि औषध हृदयाकडे पाहून निवडावे. खरेदीच्या यादीत कोणते नाव पहिले असावे, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता सरांच्या दुसऱ्या वाक्याकडे वळतो: “मला सांगितले होते की तुम्ही झोपलेले असाल.”

ब्रिटन व आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी भुलेत अनपेक्षित जाग येण्याविषयी देशव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. पाहणी पूर्ण भुलेची होती, पण तक्रार करणाऱ्यांत असेही लोक निघाले ज्यांना पूर्ण भूल दिलेलीच नव्हती. त्यांना केवळ गुंगी दिली होती. वैद्यकाच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते. गुंगीत माणूस अधूनमधून जागा होणारच. परंतु रुग्णाची समजूत ‘मला काही कळणार नाही’ अशी करून दिलेली होती, अथवा त्याने ती तशी करून घेतली होती. मनावर झालेला आघात मात्र पूर्ण भुलेत जागे झालेल्यांसारखाच आढळला. अहवालाने दोष औषधाच्या मात्रेला न देता बोलण्यातील त्रुटीला दिला.

आपल्याकडे ही त्रुटी भाषेतच दडलेली आहे. ‘झोपेचे इंजेक्शन देतो’ हे आमच्या तोंडचे रोजचे वाक्य. रुग्णाच्या मनात झोप म्हणजे ठार झोप. आमच्या मनात जिन्याची दुसरी पायरी. दोघेही एकच शब्द उच्चारतात आणि दोन निरनिराळे करार करतात. हल्ली आम्ही तसे न म्हणता असे सांगू लागलो आहोत: “तुम्हाला डुलकी लागेल. मध्ये जाग येईल, आवाज येतील, पाय हलवल्यासारखा वाटेल. दुखणार नाही. दुखले तर लगेच सांगा, मी उशाशीच आहे.” बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही.

बोलण्याचा परिणाम मोजताही येतो. बॉस्टनमधील एग्बर्ट व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन भेटून गेलेले रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी शांत होते; ज्यांना भेटीऐवजी गुंगीचे इंजेक्शन मिळाले ते सुस्त झाले, शांत झाले नाहीत. सुस्ती आणि शांती यांतील हा भेद साठ वर्षांनंतरही शस्त्रक्रियागृहात सर्रास विसरला जातो. १९६४ मध्ये त्यांनीच पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना वेदना कशा येतील, कशा सोसाव्यात, कूस कशी बदलावी हे नीट समजावले. त्यांना वेदनाशामक औषध इतरांच्या निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी जाण्यास योग्य ठरले. फ्रान्समध्ये २०१५ साली हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या लोरॅझेपामच्या गोळीने रुग्णांचे समाधान वाढल्याचे दिसले नाही. या साऱ्या अभ्यासांतील रुग्ण अर्ध्या भुलेचे नव्हते, हे मान्य. पण जे मन बेशुद्ध होणार आहे त्याला बोलण्याचा एवढा उपयोग, तर जे जागे राहणार आहे त्याला अधिकच व्हावा.

यात मोठी अडचण येते ती रुग्णाच्या मायेच्या माणसांकडून. “आईला काही सांगू नका, ती घाबरेल, तिला फक्त तपासायला नेतो असे सांगितले आहे.” हे वाक्य आम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. सांगणारा मुलगा प्रेमानेच सांगत असतो. पण आईचे कान, चष्मा, कवळी, बांगड्या, मंगळसूत्र सारे काढून घेतल्यावर, अनोळखी मुखपट्ट्यांच्या मधे, थंड खोलीत तिला जेव्हा कळते की ही तपासणी नाही, तेव्हा तिची समजूत घालायला तो मुलगा तेथे नसतो. खुब्याचे हाड मोडून आलेल्या अशा एका आजींनी पुढे चार दिवस सुनेच्या हातचे पाणीही घेतले नाही; मला फसवून नेले, एवढेच म्हणत राहिल्या. तो भ्रम होता की राग, हे आम्हाला आजतागायत नक्की ठरवता आलेले नाही. दोन गोष्टींचा आग्रह मात्र आम्ही तेव्हापासून धरला आहे. श्रवणयंत्र शस्त्रक्रियागृहातही कानात राहू द्यायचे आणि चष्मा शुद्धीच्या खोलीत सर्वांत आधी परत द्यायचा. मंगळसूत्र काढणे यंत्रांमुळे भागच असते. पण ते परिचारिकेने ट्रेमध्ये टाकण्यापेक्षा मुलीच्या किंवा सुनेच्या ओंजळीत, रुग्णाच्या डोळ्यांदेखत द्यावे. या गोष्टींना पैसा लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत नातेवाईकांनी कशाकडे लक्ष ठेवावे, हेही सांगणे आवश्यक आहे. दोन-चार रात्री झोप उडणे, रडू येणे, त्या खोलीची स्वप्ने पडणे हे स्वाभाविक आहे व बहुतेकांत ते आपोआप ओसरते. महिना उलटल्यावरही तीच दृश्ये जागेपणी समोर येत असतील, रुग्ण तपासणीस येण्याचे टाळत असेल, एखाद्या आवाजाने वा वासाने घाम फुटत असेल, तर तो भित्रेपणा समजू नये. तो आघातोत्तर मानसिक विकार असू शकतो आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत. ‘झाले ना सगळे चांगले, आता कशाला आठवतोस’ हे वाक्य तेवढे टाळावे. रुग्णाला जे आठवते ते भूलतज्ज्ञाला येऊन सांगू द्यावे. आम्ही नोंदवही काढून त्या दिवशी कोणते औषध कधी दिले, तो आवाज कशाचा होता, हे त्याला दाखवू शकतो. कित्येकदा रुग्णाला एवढेच हवे असते: आपण ऐकले ते खरे होते, आपल्याला वेड लागलेले नाही.

सरांच्या बाबतीत आम्ही तेच केले. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद त्यांनी जपून ठेवले होते. त्यांत आरंभीच्या मिडाझोलामची एकच नोंद होती, पुढे काही नाही. ते कोणत्या वेळी जागे झाले असतील, हे त्यावरून त्यांना आकृती काढून दाखवता आले. सरांनी ती आकृती घडी करून खिशात ठेवली. नंतरच्या भेटीत आम्ही तीन पर्याय त्यांच्यासमोर मांडले: पूर्ण भूल, अर्धी भूल व सलग पंपाची गुंगी, अथवा अर्धी भूल व अगदी हलकी गुंगी, कानांवर हेडफोन आणि मध्ये मध्ये बोलणे. हृदयालेख चांगला होता, तेव्हा तिन्ही शक्य होते. ते दुसरा पर्याय घेतील असे आम्हाला वाटले होते. आठवडाभराने त्यांनी तिसरा निवडला आणि एक अट घातली. हातोडा मारण्यापूर्वी त्यांना सांगावे, आणि किती ठोके आहेत तेही सांगावे.

आमचे अस्थिशल्यचिकित्सक मोजके बोलणारे आहेत. त्यांना हे विचित्र वाटले, पण त्यांनी मान्य केले. शस्त्रक्रियेच्या दिवशी पाठीत सुई देताना विभागातील निवासी डॉक्टर सरांचे खांदे धरून समोर उभी होती. हेडफोनवर त्यांनी स्वतः आणलेले नाट्यसंगीत होते. डेक्समेडेटोमिडीनची हलकी मात्रा सुरू केली. सर डोळे मिटून पडले, हाक मारली की ‘हो’ म्हणत होते. हाड कापायची वेळ आली तेव्हा एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि सांगितले, “सर, आता करवत. साधारण अर्धे मिनिट.” त्यांनी निवासी डॉक्टरचा हात घट्ट धरला, नाडी थोडी चढली, पुन्हा खाली आली. नंतर पडद्यापलीकडून शल्यचिकित्सकांचा आवाज आला, “सर, चार ठोके.” चौथ्या ठोक्यानंतर सर म्हणाले, “पाच झाले.” पलीकडून थोडा वेळ शांतता आणि मग, “हो, पाच.”

सहा आठवड्यांनी ते तपासणीस आले तेव्हा काठी घेऊन चालत होते. झोपेविषयी विचारले. पहिले दहा दिवस वाईट गेले, मग बरे, असे ते म्हणाले. शेजारचे सुतारकाम अजून चालूच आहे. आवाज नकोसा वाटतो. पण देवळात जाऊन बसावे लागत नाही, खिडकी लावून घेतली की भागते. जाताना त्यांनी ती घडी केलेली आकृती परत दिली आणि दुसऱ्या कोणाला समजावताना उपयोगी पडेल, असे सांगितले. ती आता पूर्वतपासणी कक्षातील टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.